श्वास मोजायचा तर पूर्ण मिनिट मोजा

घरात कुणी आजारी पडलं की आधी थर्मामीटर निघतो, मागोमाग करोनात घेतलेला ऑक्सिमीटर. बोटाला ९६ दिसलं की सगळे निश्चिंत. श्वास मिनिटाला किती चाललाय हे मात्र सहसा कुणी मोजत नाही. दवाखान्यातही केसपेपरवरचा तो रकाना पुष्कळदा नजरेच्या अंदाजानेच भरला जातो. ओळीने सगळ्या पेशंटांपुढे १८ किंवा २० लिहिलेलं दिसलं, तर ते मोजलेलं नाही असं खुशाल समजावं.

हा आकडा कामाचा का, ते आधी बघू. फुप्फुसात न्यूमोनिया धरू लागला, हृदय कमी पडू लागलं किंवा रक्तात आम्ल साठू लागलं, की मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र पहिल्यांदा वेग वाढवतं. या जादा मेहनतीवर ऑक्सिजनची टक्केवारी काही काळ टिकून राहते. त्यात ऑक्सिमीटर मुळातच उशिरा बोलणारा. रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटरवरून ६० पर्यंत उतरतो, तेव्हा टक्केवारी ९७ वरून जेमतेम ९० वर आलेली असते. म्हणजे श्वास २६ आणि ऑक्सिजन ९६ असेल, तर ते ९६ त्या २६ च्या जिवावर उभं आहे. मेहनत करून स्नायू थकले की दोन्ही आकडे एकदम कोसळतात, आणि तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात.

मोजण्याआधी

विश्रांतीतला श्वास म्हणजे निदान दहा मिनिटं स्वस्थ बसलेल्या किंवा पडलेल्या माणसाचा श्वास. लिफ्ट नसलेल्या सोसायटीचे चार मजले चढून आलेल्या, नुकत्याच संडासला जाऊन आलेल्या किंवा फोनवर तावातावाने बोलून उठलेल्या माणसाचा श्वास मोजून काही कळत नाही. चहा, जेवण, सिगारेट यानंतर अर्धा तास जाऊ द्या. खोकल्याची उबळ येऊन गेली असेल तर पाच मिनिटं थांबा. लहान मूल रडून शांत झालं असेल तरी लगेच मोजू नका.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. या उंचीचा विश्रांतीतल्या श्वासावर दखल घेण्याजोगा परिणाम होत नाही, त्यामुळे ‘आपल्याकडची हवाच विरळ’ हे कारण पुढे करू नये. दिवाळीतला फटाक्यांचा धूर आणि डिसेंबरातल्या पहाटेची गार, धुरकट हवा दमेकऱ्यांना त्रास देते हे खरं. पण तेव्हाही वाढलेला आकडा हा वाढलेलाच आकडा असतो.

शेवटी वेळ आणि स्थिती ठरवून घ्या. रोज मोजायचं असेल तर रोज त्याच वेळी आणि त्याच स्थितीत: पाठीला दोन उशा लावून, अर्धवट बसवून. हृदयाच्या पेशंटला सपाट झोपवलं की श्वास वाढू शकतो. आज झोपवून आणि उद्या बसवून मोजलं तर फरक आजाराचा की उशांचा, ते सांगता येणार नाही.

नाडी बघतोय असं दाखवून

श्वास आपोआप चालतो, पण लक्ष गेलं की ताब्यात येतो. ‘जरा तुमचा श्वास मोजतो हं’ म्हटलं, की समोरचा माणूस नकळत तो लांबवतो, आवरतो किंवा चक्क प्राणायाम सुरू करतो. पुण्यात हा शेवटचा प्रकार फार. म्हणून सांगू नका. ‘अण्णा, हात द्या जरा, नाडी बघते,’ एवढंच म्हणा. मनगट धरून तो हात त्यांच्याच पोटावर, बरगड्या संपतात तिथे आडवा ठेवा. पहिलं अर्धं मिनिट खरोखरच नाडी मोजा. मग बोटं तशीच ठेवून नजर हाताकडे वळवा. श्वासागणिक हात वर उचलला जाईल, खाली बसेल. वर उचलला की एक. एक वर-खाली मिळून एक श्वास. काही लोक आत घेतलेला आणि बाहेर सोडलेला असे दोन धरतात आणि ३२ आकडा बघून घाबरतात.

मोबाइलवर ६० सेकंदांचा टायमर लावून तो वाजेपर्यंत नजर पोटावरच ठेवा. घड्याळाकडे आणि पोटाकडे आळीपाळीने बघत राहिलं की दर खेपेला एखादा श्वास निसटतो. टायमर सुरू करतानाच हात वर उचलला गेला, तर तो ‘शून्य’ धरा, पुढचा ‘एक’.

गोधडी, शाल, जाड स्वेटर बाजूला करा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटपेक्षा खिडकीचा किंवा टॉर्चचा बाजूने पडणारा उजेड चांगला. त्यात पोटावरच्या कपड्याच्या चुण्यांची सावली हलताना स्पष्ट दिसते. उभं राहून वरून बघू नका. खाली बसा, डोळे पोटाच्या पातळीला आणा. तरीही हालचाल कळत नसेल तर पोटावर रिकामी काडेपेटी ठेवा. छाती आणि पोट यांतलं जे जास्त हलतंय ते एकच धरा. मध्येच एकावरून दुसऱ्यावर उडी मारली की मोजणी चुकते. आवाजावर तर मुळीच विसंबू नका. नाक चोंदलेल्याचा श्वास ऐकू येतो, चांगल्याचा येत नाही, आणि गणपतीत खिडकीखाली ढोल-ताशा चालू असेल तर काहीच ऐकू येत नाही.

मोजताना उसासा किंवा जांभई आली तर एक धरा. माणूस बोलला, खोकला किंवा उठून बसला, तर मोजणी सोडून पुन्हा सुरुवात करा. आकडा नेहमीपेक्षा वेगळा आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही लिहा.

पंधरा सेकंदांचा हिशेब का चुकतो

पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं, हा सगळ्यांचा आवडता शॉर्टकट. नाडीला तो चालतो, कारण ठोके मिनिटाला सत्तर-ऐंशी असतात. श्वास असतात पंधरा-सोळा. पंधरा सेकंदांत चार, पाच किंवा सहा भरणार, म्हणजे उत्तर १६, २० किंवा २४ च येणार. १८ किंवा २२ येणं शक्यच नाही. आणि प्रौढ माणसाची नेमकी सीमारेषा २० ते २४ च्या मध्ये आहे. एक श्वास इकडचा तिकडे झाला की ठणठणीत माणूस आजारी ठरतो, आणि उलटही. तीस सेकंदांची दुप्पट त्यातल्या त्यात बरी, पण तीही फक्त श्वास एकसारखा असेल तर.

तो नेहमी एकसारखा नसतोच. हृदय खूप कमजोर झालेल्या काही पेशंटांत श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग लहान होत जातो, मग काही क्षण थांबतो आणि पुन्हा चढायला लागतो. चढत्या भागातले पंधरा सेकंद पकडले तर ४० येतील, थांबलेले पकडले तर ४ आणि घरच्यांचा धीर सुटेल. नवजात बाळही पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतं, ते बहुतेकदा नेहमीचंच असतं. थांबणं वीस सेकंदांवर गेलं किंवा त्यात बाळ निळसर, ढिलं पडलं, तर तसंच उचलून दवाखाना गाठायचा.

तान्ही आणि लहान मुलं

लहान मुलांत हा आकडा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि आशाताईंना तो मुद्दाम शिकवलेला असतो. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या मुलात न्यूमोनियाची शंका घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या आणि आपल्याकडेही वापरात असलेल्या मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने पूर्ण ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, वर्ष पूर्ण ते पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त. पहिला वाढदिवस झाला की ५० ची मर्यादा सुटली, ४० ची लागली. अकरा महिन्यांच्या बाळाचे ४४ आणि चौदा महिन्यांच्या मुलाचे ४४ यांचा अर्थ म्हणूनच वेगळा.

मोजायचं ते आईच्या मांडीवर, मूल शांत असताना, झबलं छातीपर्यंत वर करून. बाळं पोटाने श्वास घेतात, तेव्हा नजर पोटावर. अंगावर पीत असताना मोजू नका. झोपलेलं असेल तर उत्तम, मुद्दाम उठवू नका. नाक चोंदलं असेल तर आधी साफ करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा वर गेला तर लगेच दुसऱ्यांदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर तो खरा.

पन्नास-साठ श्वास मनात मोजताना तोंडातल्या तोंडात ‘सदतीस, अडतीस’ म्हणेपर्यंत पुढचा श्वास होऊन जातो. मग जपमाळ घ्या. मेरुमण्यापासून सुरुवात करून दर श्वासाला एक मणी सरकवा, टायमर वाजला की थांबा, आणि सरकलेले मणी सावकाश मोजा. आरोग्य कार्यकर्त्यांसाठी रंगीत मणी असलेल्या मोजणीच्या माळा याच अडचणीतून निघाल्या. जपमाळेत १०८ मणी असतात, त्यामुळे पुरतात.

श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, दर श्वासाला बाळ कण्हतंय का, हेही त्याच मिनिटात बघून होतं. यातलं काही दिसलं तर आकडा मर्यादेत असला तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. बाळ पीत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके आले किंवा जागं करूनही जागं होत नाही, तर क्लिनिकच्या वेळेची वाट न बघता थेट मोठं रुग्णालय. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि श्वास ६० किंवा वर टिकून असेल, तरीही तेच.

मोठ्यांचा आकडा वाचताना

प्रौढाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला १२ ते २०. शाळकरी मुलांचा २० च्या थोडा पुढेमागे. सत्तरीपुढे आणि जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांत तो मुळातच वरच्या टोकाला असू शकतो. वर्षानुवर्षं प्राणायाम करणाऱ्या किंवा पळणाऱ्या माणसाचा ९-१० असू शकतो आणि त्याला काही होत नसतं. म्हणूनच घरातल्या वयस्कर माणसांचा आकडा ती बरी असतानाच तीन-चार सकाळी मोजून वहीत लिहून ठेवावा. ज्याचा नेहमीचा १४ आहे त्याचा २० आणि ज्याचा नेहमीचा १९ आहे त्याचा २० हे सारखे नाहीत. नेहमीपेक्षा चार-पाचने वाढला आणि तासाभराने मोजूनही तसाच राहिला, तर आमच्या मते डॉक्टरांना कळवायला तेवढं पुरेसं आहे, मग तो वीसच्या आत का असेना.

ब्रिटनच्या रुग्णालयांत वापरतात त्या धोकामापनाच्या गुणतक्त्यात १२ ते २० ला शून्य गुण, ९ ते ११ ला एक, २१ ते २४ ला दोन, आणि २५ किंवा वर अथवा ८ किंवा खाली गेलं की तीन, म्हणजे त्या रकान्यातले सर्वाधिक. करोनात आपल्याकडे २४ आणि ३० हे टप्पे धरले गेले: २४ किंवा जास्त म्हणजे मध्यम, ३० च्या वर गंभीर. घरी वापरायला हे टप्पे पुरतात.

आकड्याबरोबर श्वासाची खोलीही बघा. साध्या श्वासात प्रौढ माणूस साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली दीडशे नाक, घसा, श्वासनळी यांतच राहते, तिचा रक्ताशी संबंध येत नाही. मिनिटाला १४ श्वास धरले तर आत गेली सात लिटर, कामी आली ३५० गुणिले १४ म्हणजे ४.९ लिटर. आता तोच माणूस उथळ, २५० मिलिलिटरचे २८ श्वास घेऊ लागला. आत गेली तीच सात लिटर, पण कामी आली १०० गुणिले २८ म्हणजे फक्त २.८ लिटर. भराभर श्वास चाललाय म्हणजे हवा भरपूर मिळतेय, हा समज इथेच फसतो.

उलट खोल आणि भराभर, धावून आल्यासारखा श्वास, पण छातीत घरघर नाही, खोकला नाही: हा मधुमेही माणसात दिसला तर साखर तपासा आणि निघा. इन्शुलिन चुकलेल्या, उलट्या होत असलेल्या पेशंटच्या रक्तात आम्ल वाढतं आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकू बघतं. इथे ऑक्सिमीटर ९९ दाखवतो.

तापानेही श्वास वाढतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या आणि ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तापाबरोबर श्वासही उतरला तर ठीक. ताप ९९ वर आला आणि श्वास २६ च राहिला, तर छातीत काहीतरी आहे असं धरून त्याच दिवशी दाखवा. गरोदरपणात दम लागल्यासारखं वाटतं, कारण श्वास खोल होतो. मिनिटाचा आकडा फारसा वाढत नाही. त्यामुळे गरोदर बाईचा श्वास २४ असेल तर ‘दिवस भरत आलेत म्हणून’ असं म्हणून सोडून देऊ नका. घाबरल्यानेही श्वास वाढतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. पण पहिल्यांदाच असं झालं असेल तर ती भीतीच आहे हे घरच्यांनी ठरवू नये, आणि तोंडाला कागदी पिशवी तर लावूच नये.

दम्याचा झटका आलेल्या माणसाचा श्वास ३२ वरून १६ वर आला, तो गुंगीत दिसतोय, घरघरही थांबली, तर बरं वाटू लागलं असं समजू नका. स्नायू थकले, हवा आत जाईनाशी झाली. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा तीव्र वेदनाशामकांनी श्वास ८ च्या खाली गेला, तर ‘झोपू दे’ म्हणून दार लोटून घेऊ नका.

जिथे मिनिटाची मोजणी अपुरी पडते

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडले. या आजारात पायांपासून वर चढत जाणारी कमजोरी श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकते. फुप्फुसं चांगलीच असतात, त्यामुळे ऑक्सिजन शेवटपर्यंत बरा दिसतो, मिनिटाचा आकडाही फसवा असतो. पाय लुळे पडू लागले की रुग्णालयात जायचंच. पण वाटेत आणि तिथे गेल्यावरही एक साधी तपासणी कामी येते: खोल श्वास घेऊन एका दमात अंक म्हणायला लावा, सेकंदाला साधारण दोन. हुतूतूत दम धरतात तसं, मध्ये श्वास घेतला की डाव संपला. मराठीत एकोणतीस, एकोणचाळीस असे लांबलचक अंक आड येतात, म्हणून एक ते दहाच पुन्हा पुन्हा म्हणायला सांगा आणि किती दहा झाले ते आपण बोटांवर धरा. सुदृढ माणूस चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो. वीसच्या आत अडकला, किंवा सकाळी पस्तीस होते आणि दुपारी बावीस झाले, तर हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

स्वतःचा श्वास, घड्याळं आणि वही

स्वतःचा श्वास स्वतः मोजला की तो बदलतो. मोबाइल कशाला तरी टेकवून पोटाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, पुस्तक वाचत पडा. नंतर पहिलं अर्धं मिनिट सोडून पुढचं एक मिनिट मोजा. मनगटावरची स्मार्ट घड्याळं झोपेतला श्वास हृदयाच्या ठोक्यांच्या चढउतारांवरून आणि हालचालींवरून काढतात. रात्रीमागून रात्र चढतोय की उतरतोय हे बघायला ती बरी. तापाने तळमळणाऱ्या, हात हलवणाऱ्या माणसावर त्यांचा भरवसा ठेवू नका.

वहीत नुसतं ‘श्वास २६’ लिहू नका. असं लिहा: ‘रात्री ९.१०, टेकून बसलेले, जागे, ताप १०१.२, नाडी १०४, ऑक्सिजन ९५, श्वास २६ आणि २५, पूर्ण मिनिट. वाक्य एका दमात पुरं होत नाही.’ फोनवर हेच वाचून दाखवलं की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न वाचतात. ‘जरा धाप लागतेय’ यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

कधी थांबायचं नाही

प्रौढाचा श्वास २१ ते २४ असेल आणि बाकी ठीक असेल, तर तासाभराने पुन्हा मोजा; उतरला नाही तर त्याच दिवशी दाखवा. २५ किंवा वर दोनदा आला, तर रात्र असली तरी थांबू नका. ३० च्या वर, ८ च्या खाली, ओठ निळसर, दोन शब्दांमागे धाप, नव्याने आलेला गोंधळलेपणा किंवा गुंगी, छातीत दुखणं: यातलं एकही असेल तर १०८. अचानक धाप लागली आणि एकच पोटरी सुजलेली, दुखरी असेल, तरीही १०८.

ही सेवा मोफत आहे. फोनवर पत्त्याबरोबर जवळची खूण, मजला आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का हे सांगा. पेठेतल्या बोळात गाडी शिरत नसेल तर एकाला मोठ्या रस्त्यावर उभं करा, सोसायटी असेल तर वॉचमनला फाटक उघडून ठेवायला सांगा. तोवर पेशंटला सपाट झोपवू नका; पाठीला उशा लावून बसवा, गळ्याशी घट्ट असलेलं सैल करा, गुंगीत असेल तर पाणीसुद्धा पाजू नका आणि कुशीवर वळवून ठेवा. दर पाच मिनिटांनी एक पूर्ण मिनिट मोजून आकडा वहीत टिपत राहा. गाडी आली की वही आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर द्या.